आक्षीला घरावर अँटेना लावून फुकट टीव्ही दिसेल का, की डिशच घ्यावी?

आक्षीची_लेक

नमस्कार मंडळी. माझं माहेर आक्षीला, अलिबागहून रेवदंड्याला जाताना लागतं ते. मी डोंबिवलीला असते, घरी अप्पा आणि आई दोघंच. पावसाळ्यात तुटलेली केबल अजून कोणी जोडलेली नाही, महिन्याचे पैसे मागायला मात्र माणूस वेळेवर येतो. अप्पांनी आता सांगून टाकलंय, टीव्हीसाठी दर महिन्याला एक रुपया देणार नाही. त्यांना सह्याद्रीच्या बातम्या, हवामान आणि एखादी मॅच मिळाली की पुरे. आईला जुने सिनेमे. इंटरनेट वाडीत असलं तर असतं, त्यामुळे मोबाइलवर बघा म्हणायची सोय नाही.

घर कौलारू, भिंती चिऱ्याच्या. घर आणि समुद्र यांच्या मधे आमचीच नारळ-पोफळीची वाडी आहे. ओटीच्या बाजूला अप्पांनी पूर्वी उभा केलेला लोखंडी पाइप अजून आहे, त्यावर तो जुना लांब दांड्यांचा अँटेना. त्याच्या दोन दांड्या निसर्ग वादळात गेल्या. दुकानदार म्हणतो, घरात ठेवायचा छोटा अँटेना घ्या, खोक्यावर ५० किलोमीटर लिहिलंय. भाऊ म्हणतो, डिश घे आणि मोकळी हो. जुन्या अँटेनाचा काही उपयोग होईल का? नवा घेतला तर कुठला, किती उंचीवर आणि तोंड कुणीकडे करायचं? जाणकारांनी सांगावं, दिवाळीला जाईन तेव्हा करून टाकेन.

गुहागरकर

ताई, आमच्याकडे तरी अँटेनाचा विषय संपला. तालुक्याच्या गावची दूरदर्शनची छोटी प्रक्षेपण केंद्रं बंद पडली, छपरावरचे अँटेने भंगारात गेले. आमच्या पाखाडीत झाडून सगळ्यांकडे दूरदर्शनची फ्री डिश आहे. एकदा पैसे भरायचे, मग भाडं नाही. अँटेनाच्या नादी लागू नका असं माझं मत. अर्थात तुम्ही मुंबईच्या जवळ आहात, तिकडचं मला माहीत नाही.

रेवदंडा_रेडिओ_टीव्ही

आक्षीच्या ताई, मी तुमच्या शेजारचाच. रेडिओ, टीव्ही, अँटेना, डिश हेच काम आयुष्यभर करत आलोय. गुहागरकरांचं म्हणणं त्यांच्या जागी अगदी बरोबर आहे, पण आक्षीचं गणित वेगळं आहे. दूरदर्शनच्या वाहिन्या जनतेच्या पैशावर चालतात, त्या प्रत्येक ओटीवर दिसल्या पाहिजेत असं मला मनापासून वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी हवेत काय आहे ते बघू. जुन्या पद्धतीचं, म्हणजे मुंग्या-मुंग्या दिसायच्या ते अॅनालॉग प्रक्षेपण प्रसारभारतीने टप्प्याटप्प्याने बंद केलं. मोजकी ५० मोक्याची केंद्रं सोडून बाकी सगळं ३१ मार्च २०२२ पर्यंत आटपायचं असं ठरलं होतं. तुमच्या अप्पांचा अँटेना त्या काळातला. मुंबईचं पहिलं चॅनेल तेव्हा ६० ते ७० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात यायचं. तिथे लहरीची अर्धी लांबी सव्वादोन मीटरच्या घरात जाते, म्हणून दांड्या तेवढ्या लांब. आता डिजिटल प्रक्षेपण यूएचएफमध्ये, ४७० मेगाहर्ट्झच्या पुढे चालतं, तिथे अर्धी लांबी भरते जेमतेम एक फूट. त्यामुळे जुना अँटेना दांड्या बदलूनही कामाचा नाही. पाइप मात्र ठेवा, बुडाशी गंजलेला नसेल तर तो लाखमोलाचा आहे.

हे डिजिटल प्रक्षेपण, त्याचं नाव डीव्हीबी-टी२, २५ फेब्रुवारी २०१६ पासून मुंबईसह १६ शहरांत सुरू झालं. सुरुवातीला त्यात डीडी नॅशनल, डीडी न्यूज, डीडी भारती, डीडी स्पोर्ट्स आणि प्रादेशिक किंवा किसान अशा पाच वाहिन्या होत्या. मुंबई सोडली तर त्या १६ शहरांत कोकणातलं एकही नव्हतं, आपल्याला धरायची ती मुंबई, म्हणजे वरळीचा मनोरा. तो ३०० मीटर उंच आहे.

आता खोक्यावरची ५० किलोमीटरची रेंज विसरा. यूएचएफ लहर जवळपास नजरेसारखी सरळ जाते, समोर डोंगर आला की संपली. सपाट समुद्र धरला तर ३०० मीटरच्या टोकावरून क्षितिज सुमारे ७० किलोमीटरवर येतं. तुमचा अँटेना ९ मीटरवर असेल तर तुमच्या बाजूने आणखी १२ किलोमीटर मिळतात. बेरीज ८०च्या थोडी वर. आक्षी वरळीपासून सरळ रेषेत चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर, बऱ्यापैकी आत. मुरूड ७५च्या आसपास, म्हणजे अगदी काठावर, त्यात मधे टेकड्या. श्रीवर्धन शंभरीच्या पलीकडे, हर्णै, गुहागर, रत्नागिरी तर विचारूच नका. तिथे कितीही महागडा अँटेना लावला तरी पृथ्वीचा फुगवटा आडवा येतो. आणि अलिबाग तालुक्यातही सगळीकडे दिसेलच असं नाही. कनकेश्वराच्या डोंगराची आग्नेय बाजू घ्या, अंतर कमी असूनही डोंगराची पाठ लागते.

तुम्हाला तोंड करायचंय उत्तरेला, किंचित पश्चिमेकडे. आक्षीच्या पुळणीवर उत्तरेला तोंड करून उभ्या राहा. डावीकडे समुद्रात खांदेरी-उंदेरी दिसतात, वरळी त्यांच्या उजव्या हाताला, थळच्या अंगाने. म्हणजे तुमची वाडी पश्चिमेला आहे ती फारशी आड येणार नाही, उत्तरेच्या शेजाऱ्यांचे माड किती उंच आहेत ते बघा. कोरडी झावळी थोडाच सिग्नल खाते. पावसात निथळणारी आणि वाऱ्यावर हलणारी झावळी चित्र तोडते. म्हणून अँटेना झाडांच्या शेंड्यांवर जात नसेल तर दोन माडांमधली फट शोधा. कधीकधी पाइप चार हात बाजूला सरकवला की काम होतं, उंची वाढवायला लागतच नाही.

घरात ठेवायचा अँटेना घेऊ नका. चिऱ्याची दीड फुटी भिंत, वर पावसाळ्यात भिजलेली कौलं, त्यातून उरतं काय? बाहेर लावायचा यूएचएफ यागी घ्या. मागे जाळी किंवा मोठा परावर्तक, मधे वाकवलेला डायपोल, म्हणजे केबल जोडायची दांडी, पुढे ओळीने लहान होत जाणाऱ्या दांड्या. लहान दांड्यांचं टोक वरळीकडे. दांड्या जमिनीला समांतर, आडव्या. दहा-पंधरा दांड्यांचा तुमच्या अंतराला भरपूर झाला. फार लांबलचक घेतलात तर वारा जास्त धरतो आणि तोंड जरा हललं की सिग्नल जातो.

एक महत्त्वाचं. डिजिटलमध्ये अंधुक चित्र दिसत नाही. आहे तर स्वच्छ आहे, नाहीतर चौकोन पडून आवाज तुटतो आणि मग काळा पडदा. म्हणून चित्र आलं की हात झटकून उतरू नका. टीव्हीच्या मेनूत सिग्नलची ताकद आणि गुणवत्ता असे दोन पट्टे असतात. गुणवत्तेच्या पट्ट्याकडे बघा. अँटेना बोटभर डावीकडे, बोटभर उजवीकडे फिरवत गुणवत्ता दोन्ही बाजूंनी कुठे पडते ते बघायचं आणि बरोबर मधे आवळायचं.

ही जुळवणी एप्रिल-मेच्या दमट संध्याकाळी करू नका, हे मी सगळ्यांना सांगतो. तेव्हा समुद्रावर गरम-थंड हवेचे थर बसतात आणि लहर त्यांच्यात अडकून क्षितिजापलीकडे वाहत येते. त्या दिवसांत किनाऱ्यावर एफएमलाही लांबलांबची स्टेशनं लागतात. अशा संध्याकाळी मुरूडलाही छान दिसेल, लोक खूश होऊन पैसे मोजतील, आणि थर मोडले की पडदा काळा. दिवाळीतली दुपार त्या मानाने प्रामाणिक. दुपारी दोनला जे दिसतं ते तुमचं.

आता टीव्ही. सेटमध्ये डीव्हीबी-टी२ ट्यूनर हवा. दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका, मॉडेलच्या माहितीपत्रकात टी२ लिहिलेलं डोळ्यांनी बघा. अनेक सेटमध्ये फक्त केबलचा ट्यूनर असतो. नसेल तर टी२चा वेगळा बॉक्स लागेल. स्कॅन करताना मेनूत केबलऐवजी एअर किंवा अँटेना निवडायचं, हे राहून जातं आणि लोक अँटेनाला शिव्या घालतात.

विकत घेण्याआधी कोणाकडून तरी अँटेना मागून आणा, बांबूला बांधा, स्कॅन मारून बघा. हवेत आज काय आहे, किती वाहिन्या लागतात, ते त्या अर्ध्या तासात कळतं. नाही लागलं तर तेवढ्यावर थांबा.

आक्षीची_लेक

काका, मनापासून आभार. कोणी इतकं समजावून सांगेल असं वाटलं नव्हतं. अप्पांना फोनवर वाचून दाखवलं, ते म्हणाले पाइप बुडाशी ठणठणीत आहे, दरवर्षी रंग देतात. उत्तरेला शेजाऱ्यांचे तीन माड आहेत पण मधे बरीच मोकळी जागा आहे म्हणे. टीव्हीचं माहितीपत्रक सापडलं, त्यात टी२ आहे.

आता प्रश्न असा की पाचच वाहिन्या लागणार असतील तर आईचे सिनेमे राहतात. मग भावाचं ऐकून डिशही घ्यावी का? दोन्ही लावणं म्हणजे उगाच खर्च, असं अप्पांचं म्हणणं. आणि डिश लावायची तर वाडीच्या झाडांमधे जागा कशी शोधायची? मागे एकाने लावलेली डिश झाडामुळे चालत नाही म्हणून काढून नेली होती.

मालवण_बंदर

आमच्या घराकडे फ्री डिश कितीतरी वर्षं आहे. वाहिन्या भरपूर, तक्रार नाही. पण आषाढात धो धो कोसळायला लागला की पडदा जातो तो पाऊस ओसरल्यावरच येतो. आणि नेमका तेव्हाच हवामानाचा इशारा बघायचा असतो. आमच्याकडून वरळी दिसायची नाही, नाहीतर मी दोन्ही लावले असते. तुम्हाला दोन्ही मिळतंय तर सोडू नका. आणि एक, खारा वारा डिशचा स्टँड दोन-तीन पावसाळ्यांत खातो. जस्ताचा मुलामा चांगला असलेलाच घ्या, साध्या रंगाचा नको.

रेवदंडा_रेडिओ_टीव्ही

मालवणकरांनी मुद्द्याचं सांगितलं. दोन्ही लावा, आणि का ते सांगतो.

फ्री डिश जीसॅट-१५ या उपग्रहावरून येते, तो ९३.५ अंश पूर्वेला आहे. ही सेवा डिसेंबर २००४मध्ये डीडी डायरेक्ट प्लस नावाने सुरू झाली. तिच्या लहरी ११ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या, लांबी तीनेक सेंटिमीटरची. पावसाचे टपोरे थेंब अशी आखूड लहर शोषतात आणि विखुरतात, म्हणून धारा लागल्या की डिश जाते. वरळीच्या लहरीची लांबी अर्ध्या मीटरहून जास्त, तिला पाऊस जवळजवळ जाणवतच नाही. म्हणजे आईंचे सिनेमे आणि रोजच्या भरपूर वाहिन्या डिशवर, आणि मुसळधार पावसात बातम्या अँटेनावर. निसर्ग वादळानंतर आपल्याकडे वीज आणि मोबाइल किती दिवस गायब होते ते अप्पांना विचारा. ज्या घरात बाहेरची खबर यायचे दोन मार्ग आहेत, ते घर मला सुरक्षित वाटतं. सुरुवातीचा खर्च होईल, पण दोन्हीला महिन्याचं भाडं नाही, अप्पांचा नियम मोडत नाही.

डिश दोन फुटी मिळते. कोकणात अडीच किंवा तीन फुटी घ्या, पावसात तेवढी जास्त टिकते. बॉक्स एमपेग-४चा घ्या, ती चित्र दाबून पाठवायची नवी पद्धत, जुन्या एमपेग-२ बॉक्सवर बऱ्याच वाहिन्या दिसत नाहीत आणि लोक म्हणतात फ्री डिशवर काही नाही.

जागा शोधणं सोपं आहे. आपल्याकडून तो उपग्रह आग्नेयेला, होकायंत्रावर साधारण १३० अंशाला, आणि आकाशात तब्बल ५८ अंश वर. एवढा वर असल्यामुळे डोंगराची अडचण नाही, अडचण फक्त जवळच्या झाडाची. हिशोब लक्षात ठेवा: आग्नेयेला जे झाड असेल त्याचा शेंडा डिशपेक्षा जितका उंच, त्याच्या दोन-तृतीयांश अंतरापलीकडे डिश हवी. माड १२ मीटर उंच असेल तर ८ मीटर लांब. बस. उंचीची गरजच नाही, डिश खळ्यात, विहिरीच्या कठड्यापाशी कुठेही खाली लावा. खाली लावलेली वाऱ्यात वाचते, आणि अप्पांना कौलांवर न चढता पुसता येते. डिश बघायला ५८ अंश वर तोंड केलेली दिसणार नाही, बरीच उभी वाटेल. तिचा एलएनबी, म्हणजे दांड्यावरचा लहर पकडणारा डबा, मधोमध नसून खालून येतो, त्यामुळे तसं दिसतं. घाबरून मागे वाकवू नका.

झाड आड येतंय का हे पाहायची एक खात्रीची युक्ती आहे, पैसा लागत नाही. वर्षातून दोनदा, १ ऑक्टोबरच्या आणि १२-१३ मार्चच्या आसपास, सकाळी पावणेअकरा ते सव्वाअकराच्या दरम्यान सूर्य नेमका या उपग्रहाच्या मागे येतो. त्या दिवसांत काही मिनिटं चित्र बिघडतं ते त्यामुळेच, बॉक्स खराब झालेला नसतो. त्या वेळी खळ्यात जा आणि सावल्या बघा. जिथे स्वच्छ ऊन पडलंय तिथे डिश चालणार. जिथे झावळीची सावली पडलीय तिथे नाही. त्या जागेवर खडूने किंवा चुन्याने खूण करून ठेवायची. तुमची दिवाळी १ ऑक्टोबरनंतर येते, तेव्हा अप्पांनाच आधी सावली बघून खूण करायला सांगा. फक्त माड वाढतात आणि झावळ्या खाली येतात, तेव्हा उन्हाच्या तुकड्याच्या मधोमध खूण करा, कडेला नको. डिशला शेवटी एलएनबी थोडा डावी-उजवीकडे फिरवून गुणवत्तेचा पट्टा सर्वात वर जातो तिथे आवळा. लावणारे ही पायरी गाळतात आणि पहिल्या पावसात फोन येतो.

आता बसवण्याचं. चिरा मऊ असतो, त्यात प्लॅस्टिकचा गुल्ला ठोकून स्क्रू मारला तर वाऱ्याने हलून हलून भोक मोठं होतं आणि सगळं निखळतं. अँटेनाचा पाइप आहे तिथेच राहू द्या, क्लँप भिंतीच्या आरपार बोल्टने, आत पट्टी देऊन. डिशला जमिनीत काँक्रीटचा ठोकळा ओता. माडाला अँटेना बांधायचा मोह अजिबात नको, माड वाऱ्यावर डोलतो आणि तोंड वरळीवरून हलतं. पाइपला तीन बाजूंनी तणावे द्या, बाइंडिंगच्या तारेचे नकोत, ती एका पावसाळ्यात गंजून तुटते.

केबल आरजी-६, जाड तांब्याची. जुनी चपटी पट्टी वायर काढून टाका. आपल्या किनाऱ्यावर निम्म्या तक्रारी जोडाच्या असतात. केबल सोलून बघा, वरून नवी दिसते आणि आतली जाळी काळी भुकटी होऊन हाताला लागते, मधल्या तारेला हिरवा कळंक चढलेला असतो. खारी हवा कनेक्टरमधून शिरते आणि केबलच्या आत हातभर जाते. म्हणून बाहेरचा प्रत्येक जोड आधी ताणून लावायच्या रबरी टेपने गुंडाळायचा, वर साधी काळी टेप. केबल घरात शिरण्याआधी खाली झोका द्यायचा म्हणजे पाणी तिथून गळून जातं, भोकातून आत येत नाही. वर्षातून एकदा, पावसाआधी, टोकाची वीतभर केबल कापून नवा कनेक्टर लावा. पाचदहा रुपयांचं काम आहे.

बूस्टर आधी घेऊ नका. तुमच्या अंतरावर बहुधा लागणार नाही, आणि जवळ मोबाइलचा टॉवर असेल तर बूस्टर त्याचाच सिग्नल फुगवून टीव्हीला गोंधळात टाकतो. लागलाच तर पाइपवर, अँटेनाच्या बुडाशी लावायचा. टीव्हीमागे लावलेला बूस्टर केबलमध्ये आधीच मिसळलेला गोंगाटही वाढवून देतो.

पाइपला अर्थिंग करा, जाड तार, ओल राहते अशा जागी. परतीच्या पावसात विजा कडाडतात तेव्हा दोन्ही केबली टीव्हीपासून आणि बॉक्सपासून काढून बाजूला ठेवायच्या. अर्थिंग असलं तरीही. हे अप्पांपेक्षा आईंना सांगा, त्या विसरणार नाहीत.

आक्षीची_लेक

काका, अप्पांनी कॅलेंडरवर १ ऑक्टोबरला गोल केलाय. विहिरीजवळ खूण करणार म्हणालेत. अँटेना मागून आणण्याबद्दल विचारायचं होतं, तुमच्याकडे तपासायला एखादा मिळेल का? भाऊबीजेच्या आदल्या दिवशी मी रेवदंड्याला येऊ शकते.

रेवदंडा_रेडिओ_टीव्ही

या की. यागी आणि पंधरा मीटर केबल तयार ठेवतो, बांबू तुमच्या वाडीतला. दुपारी जेवण झाल्यावर स्कॅन करा. वाहिन्या लागल्या तर गुणवत्तेच्या पट्ट्याचा फोटो इथे टाका, मग बूस्टरचं बोलू.